रोमचा म्हातारबा आणि मनुबाईंचं बोट

मनुबाई कुणाला भीत नाहीत, असं आष्ट्यातली त्यांची सगळी गल्ली सांगायची. न्हाणीत निघालेला साप त्यांनी चुलीच्या फुंकणीनं बाहेर लोटला होता. मारकी म्हैस त्यांच्या एका हाकेनं कान पाडायची. पण सांगलीच्या दवाखान्याचं नाव काढलं, की ह्याच बाईच्या तोंडचं पाणी पळायचं. एसटी दवाखान्यावरून जाताना त्या पदर नाकाला लावून दुसऱ्या खिडकीकडं बघत बसायच्या.

त्याला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ ज्ञानूदादा, कडेगावचे. साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती बरी होईना. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापासनं पाय, आणि चौथ्या खेपेला घरी आणलं ते झाकूनच. मधल्या दिवसांत मनुबाई भावाच्या उशाशी बसायच्या, तेव्हा ज्ञानूदादा रडकुंडीला येऊन म्हणायचे, "मने, अंगठा ठणकतोय गं." अंगठा तर नव्हताच. पायच नव्हता. नसलेला अंगठा माणसाला रडवतो, हे मनुबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच ओळ बसली होती: आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा, मग माणूस.

पुढं त्यांनाही साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. चहा बिनसाखरेचा झाला, पण लग्नातली जिलबी काही सुटली नाही.

शहाण्णव सालच्या गौरी-गणपतीत त्यांची फार धावपळ झाली. दिवसभर पाय ओले. गौरी गेल्या त्या संध्याकाळी मोरीत पाय धुताना त्यांचं लक्ष उजव्या पायाच्या जोडव्याकडं गेलं. बोट सुजलं होतं आणि चांदीचं जाड जोडवं मांसात रुतलं होतं. कडेची कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी. खालून पाणी येत होतं. आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. न दुखण्यानंच त्या जास्त हादरल्या. ज्ञानूदादाचाही अंगठा पहिल्यांदा दुखला नव्हता.

सोनाराकडं जाऊन जोडवं कापून घ्यायचं, एवढंच तेव्हा करायला हवं होतं. पण ते जोडवं त्यांच्या बोटात लग्नाच्या मांडवात चढलं होतं आणि चाळीस वर्षांत एकदाही उतरलं नव्हतं. धनी, म्हणजे नाथाजी, बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसलेले दिसत होते. धडधाकट माणूस. कुंकवाच्या धन्याच्या देखत जोडवं तोडायचं? आणि सोनार काय म्हणणार, हेही त्यांना ठाऊक होतं: दवाखान्यात दाखवा. दवाखाना म्हणजे बोट जाणार. आणि बोट गेलं तर जोडव्याचंच बोट जाणार. मनुबाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, वरून लुगडं नीट खाली ओढलं आणि देवीपुढं दिवा लावला. बोलल्या मात्र कुणाशीच नाहीत.

त्याच दिवसांत घरात रोम आलं.

ते आणलं पद्मानं. पद्मा ही सून, वाईची. बारावी होऊन लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, आणि चौतिसाव्या वर्षी तिनं बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. नवरा हरी साखर कारखान्यात, तो म्हणाला, "भर की. शाई जाईल फार तर." तिचा एक पेपर होता प्राचीन जगाचा इतिहास. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. म्हणून दुपारची भांडी आवरली की ती सोप्यात वही घेऊन बसायची आणि मनुबाई समोर कापसाच्या वाती वळत ऐकायच्या.

मनुबाईंना अक्षर येत नव्हतं. पुस्तकातून मोठ्यानं वाचलं ती पोथी, एवढंच त्यांना कळायचं. त्या पाटावर बसायच्या आणि संपलं की हात जोडायच्या. पद्माला आधी हसू यायचं, मग सवय झाली. मनुबाईंचा एक नियम मात्र फार कडक होता. सुरू केलेला अध्याय अर्धा ठेवायचा नाही. दारात पाहुणा येवो, दूध उतू जावो. अर्धा अध्याय घराला लागतो, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं.

"आत्याबाई, आज ग्रीस आणि रोम," पद्मा म्हणाली.

"कोन हे?"

"ग्रीक म्हणजे समुद्राकाठचे लोक. नाटकं, मूर्ती, गणित, वैद्यकी, सगळ्यात पुढं. आणि रोमचे लोक म्हणजे शेतकरी नाहीतर शिपाईगडी. त्यांनी ग्रीस जिंकून घेतलं."

"मग? लुटलं असंल."

"लुटलंच. जहाजं भरभरून मूर्ती आणल्या. माणसंही धरून आणली. आणि त्या धरून आणलेल्या गुलामांनाच आपल्या पोरांचे मास्तर केलं."

मनुबाईंची वात हातातच राहिली. "आगं, हरलेल्याम्होरं जितलेला पाटी घेऊन बसला?"

"बसला तर. मोठ्या घरची पोरं ग्रीक बोलायला लागली. आणि त्यांचेच बापजादे म्हणायचे, ग्रीक म्हणजे नुसते बोलघेवडे, लबाड, कामाचे नाहीत."

"म्हंजी शिव्या बी द्यायच्या आन् शिकायचं बी त्येंच्याकडनंच! आपल्या गल्लीतल्या नानासोवानी. इंग्रजी शाळंला नावं ठिवतोय चावडीत बसून, आन् नातू घातलाय सांगलीला इंग्रजीतच." मनुबाई अशा हसल्या, की बाहेरून नाथाजींनी विचारलं, "काय पेढं वाटताय काय?"

दुसऱ्या दिवशी अध्यायात एक म्हातारा आला. रोमचा मोठा मानकरी. त्याचं नाव मनुबाईंच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी त्याला 'म्हातारबा' म्हणायचं ठरवलं. म्हातारबा स्वतः नांगर धरायचा. घरात उधळपट्टी खपवून घ्यायचा नाही. पदरी शिकलेला ग्रीक गुलाम होता, तरी पोराला शिकवायचा स्वतः. का, तर माझ्या पोराचा कान गुलामानं पिळायचा नाही.

"खरं बोलला," मनुबाई म्हणाल्या.

पुढं ग्रीसचे दूत म्हणून तीन पंडित रोमला आले. त्यांतला एक आज न्यायाची बाजू घेऊन भाषण करी आणि उद्या उठून त्याच न्यायाच्या चिंध्या करी. रोमची पोरं दोन्ही दिवस माना डोलवत ऐकत. म्हातारबानं भर सभेत सांगितलं, ह्यांचं काम लवकर उरका आणि ह्यांना गावी लावून द्या, आमची पोरं बिघडतील.

"आणि ऐका आता, आत्याबाई, गंमत," पद्मा म्हणाली. "त्यानं पोराला लिहून ठेवलं होतं, की ग्रीक वैद्याच्या वाटेला जाऊ नको. त्यांनी आपापसात शपथ घेतलीय, औषध देऊन सगळ्या परक्यांना मारायचं. आणि वर पैसे घेतात, म्हणजे लोकांचा विश्वास बसावा."

मनुबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली वात खाली ठेवली.

"मग त्यो दुखण्याला काय करायचा?"

"कोबी. खरंच. सगळ्या रोगावर त्याचा कोबी. कच्चा खायचा, शिजवून खायचा, आणि जखमेवर ठेचून बांधायचा. जुनी वाहती जखम असली तरी सकाळ-संध्याकाळ कोबी." पद्माला हसू आवरेना. तिनं पान उलटलं, पुढचा परिच्छेद नजरेखालून घातला, सासूकडं पाहिलं आणि वही मिटली. "संपला अध्याय."

मनुबाईंनी हात जोडले. ह्या वेळी जरा जास्तच वेळ.

मंगळवारच्या बाजारातून त्यांनी दोन कोबी आणले. गुरुवारी आणखी एक. पद्माला वाटलं, पितृपंधरवड्याच्या स्वयंपाकाला लागेल. पण ताटात कोबी काही येईना. मनुबाई पहाटे उठायच्या, आतली कोवळी पानं वरवंट्यानं ठेचायच्या, आधी देवीपुढं ठेवायच्या, मग चिंधीत घालून जोडव्याभोवती बांधायच्या. मनात म्हणायच्या, आई, दोन हजार वर्सामागचा शाना मानूस हाय, त्येच्या हाताला यश दे.

चार दिवस त्यांना बरं वाटलं. पाचव्या दिवशी चिंधी सोडली तर पाण्याचा रंग बदललेला. आठव्या दिवशी शेजारच्या बोटाच्या कडेला काळी रेघ. त्यांनी ती अंगठ्यानं पुसून पाहिली. पुसली जाईना. त्या मोरीतच बसून राहिल्या. मग उठून पानं दुप्पट घातली आणि दोन उदबत्त्या जादा लावल्या, वास लपावा म्हणून.

वास लपला नाही. घट बसायला चार दिवस राहिले होते. पद्मा माळ्यावरची पितळेची भांडी काढत होती आणि मनुबाई खालून झेलत होत्या. पद्मा खाली उतरली आणि थबकली. उंदीर मेला की काय, म्हणून तिनं कणगीमागं पाहिलं, पाटाखाली पाहिलं. मग तिची नजर सासूच्या पायाकडं गेली. लुगड्याच्या काठाला हिरवट ओल आली होती.

"आत्याबाई, पाय दाखवा."

"काय न्हाई. घाण लागली असंल."

"दाखवा म्हणते ना!" पद्मानं सासूवर आवाज चढवला तो सोळा वर्षांत पहिल्यांदा. तिनं बसून चिंधी सोडली. आत कुजलेली पानं होती. पानांखाली काय होतं ते पाहून ती दोन पावलं मागं सरली. "हे काय बांधलंय? कोबी?"

"तूच वाचलंस की."

पेपरासाठी वाचलेली, हसण्यावारी नेलेली एक ओळ. ती ओळ तिच्या सासूच्या पायाला बांधलेली होती.

नाथाजी आले, हरी कामावरून आला. सांगलीला आत्ताच्या आत्ता निघायचं, असं हरी म्हणाला. मनुबाई देव्हाऱ्याला पाठ लावून बसल्या आणि हलायला तयार होईनात.

"मला कापायला न्ह्यायचं न्हाई. ज्ञानूदादाला नेला तवा बी सगळी असंच म्हन्ली, बोटच हाय. म्हातारबा काय खुळा व्हता? शपथ घेत्यात ती. एकेक तुकडा काढत्यात, आन् घरला पाठवत्यात. घट बसू द्या. नऊ दिस देवीम्होरं काढते. मग बगू."

"नऊ दिवस?" हरी ओरडला. "आई, पाय काळा पडायला लागलाय!"

"आन् जोडव्याचं बोट हाय त्ये. कळतंय का तुमाला? ह्यास्नी काय झालं म्हंजी?"

नाथाजी त्यांच्या समोर उकिडवे बसले. "आगं मने, माजं आयुष्य तुज्या बोटात हाय व्हय? मग तंबाकू कशाला सोडायला लावत व्हतीस एवडी वर्सं?"

कुणी हसलं नाही.

पद्मा उठून आत गेली आणि वही घेऊन आली. ती सासूच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"आत्याबाई, माझं चुकलं. त्या दिवशी मी अध्याय अर्धा ठेवला."

मनुबाईंनी मान वर केली. "काय?"

"म्हातारबाचा. शेवटचा भाग वाचलाच नाही. तुम्हाला तो इतका आवडला होता. आणि परीक्षेलाही येत नव्हता."

"अर्धा अध्याय ठिवलास? घरात? पितरांच्या दिसात?" मनुबाईंचे डोळे मोठे झाले. क्षणभर त्या बोट विसरल्या. "आन् मी हात जोडलं! वाच. आदी वाच."

पद्मा वाचायला लागली. रोमच्या त्या मानकऱ्यानं घरच्या औषधांची एक वही ठेवली होती. घरात कुणी आजारी पडलं की तो त्या वहीप्रमाणे उपाय करायचा. ह्या उपायांनी मी स्वतः ठणठणीत राहिलो आणि घरच्यांनाही ठेवलं, असं तो सांगत असे. पण त्याची बायको त्याच्या आधी गेली. आणि ज्याला त्यानं स्वतः शिकवलं, ज्याला वैद्यांपासून लांब राहायला लिहून ठेवलं, तो मुलगाही त्याच्या डोळ्यांदेखत गेला.



"आन् त्यो?" मनुबाईंनी विचारलं.

"तो जगला. पंच्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. आणि म्हणतात, ज्यांना जन्मभर नावं ठेवली त्या ग्रीकांची विद्या म्हातारपणी स्वतःच शिकला."

"बायकू गेली, पोरगं गेलं, मग शिकाय बसला?"

"हो."

"संपला?"

"आता संपला."

मनुबाईंनी हात जोडले नाहीत. त्या कितीतरी वेळ हरीकडं बघत राहिल्या. हरी दाराला टेकून उभा होता, कारखान्याचे कपडे तसेच अंगावर, आणि लहान पोरासारखा ओठ चावत होता. पुस्तकातला म्हातारबा आपल्या पोराच्या उशाशी कोबी ठेचत बसलेला मनुबाईंना दिसला असावा. भीती गेली नव्हती. उलट आता दोन झाल्या होत्या, जाण्याची आणि न जाण्याची. त्यांनी भिंतीला हात लावला आणि उठल्या.

"जीप बगा," त्या म्हणाल्या. "आन् माज्याशी वाटंत कुनी बोलू नगा. मी माघारी फिरंन."

सांगलीत डॉक्टर मतीन म्हणून होते. तरुण, शांत बोलणारे. त्यांनी पाय उचलून दिव्याखाली धरला, पिंढरीपर्यंत दाबत आले, प्रत्येक ठिकाणी विचारलं, "आजी, लागतंय?" मनुबाईंनी प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवली. हात धुऊन ते स्टुलावर बसले.

"दोन बोटं जाणार. त्याच्यापुढचं उघडल्याशिवाय सांगत नाही. पाऊल वाचवायचा प्रयत्न करतो. आणखी चार दिवस घरी बसला असता, तर मी गुडघ्याचं बोललो असतो."

बाकी सगळ्यांनी 'वाचवायचा प्रयत्न' ऐकलं. मनुबाईंनी 'त्याच्यापुढचं' ऐकलं.

आधी जोडवं कापलं. कट्ट आवाज झाला तसा त्यांनी नाथाजींचा हात असा धरला, की नखं रुतली. "जिवंत हाय मी," नाथाजी म्हणाले. "नखं काड."

मग पाठीत सुई दिली. कमरेखालचं अंग कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. तोंडासमोर हिरवा पडदा. मनुबाई जाग्या होत्या. पडद्यापलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, थेट स्वयंपाकघरातल्यासारखा, आणि त्या आवाजानंच त्यांच्या अंगावर काटा आला. त्या देवीचं नाव घेत होत्या, पण नाव मधेच तुटायचं आणि जिभेवर तीच ओळ यायची: आधी बोट, मग पाऊल. पडद्यापलीकडून डॉक्टर कुणालातरी हळू म्हणाले, "अजून थोडं वर." मनुबाईंनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

वॉर्डात आणलं तेव्हा ऊन कलत होतं. पायांवर चादर होती आणि चादरीखाली पिंजऱ्यासारखं काहीतरी, त्यामुळं नुसता उंचवटा दिसत होता. त्याच्या आत काय आहे आणि काय नाही, ते कळायला वाट नव्हती. मनुबाई छताकडं बघत पडून राहिल्या. डॉक्टर येऊन गेले, हरीला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. हरी मान डोलवत होता. त्याचं तोंड भिंतीकडं होतं. विचारावं तर सगळे खरं सांगतील कशावरून? ज्ञानूदादालाही आधी सांगितलं नव्हतं.

हळूहळू कमरेखाली मुंग्या यायला लागल्या. मग मांडीत जडपणा. मग एकदम खाली, लांब, बोटांत कळ आली. जोडव्याच्या बोटात. ठणका.

मनुबाईंच्या घशातून आवाज फुटला. पद्मा पळत आली. "काय होतंय, आत्याबाई? दुखतंय?"

"बोट दुखतंय."

"दुखणारच. डॉक्टर म्हणाले होते..."

"आगं, कापलेलं बोट दुखतंय! ज्ञानूदादाचं दुखत व्हतं. पाय न्हवता तरी दुखत व्हतं." त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "खोटं बोलू नगंस. कुठवर कापलाय?"

"दोन बोटंच गेली. पाऊल आहे. देवीशपथ आहे."

"चादर काड."

"आत्ता नको, चक्कर येईल."

"काड म्हन्ते ना!"

पद्मानं चादर वर केली. मनुबाईंनी आधी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला. घोट्यापर्यंत पांढरं बँडेज. त्याच्या तोंडातून अंगठा दिसत होता आणि कडेची दोन बोटं, औषधानं पिवळी झालेली. मधे सपाट. त्या बघत राहिल्या. डोळ्यांवरही त्यांचा विश्वास बसेना.

"हात लाव त्याला," त्या म्हणाल्या.

पद्मानं वाकून अंगठा दोन बोटांत धरला.

"लावलास?"

"हो."

"मला लागत न्हाई." "मला न्हाई लागत, पद्मा. तुज्या हाताला लागतंय का?"

"लागतंय, आत्याबाई. गरम आहे."

मनुबाईंनी मान उशीवर टेकली.

"मग धरून बस," त्या म्हणाल्या. "सोडू नगंस."